फाईलमधली न दिसणारी अक्षरं : सरसकट पुसली तर पैसेही जातात आणि मराठी नावंही

समजा, मुलुंडमध्ये एक छोटी कंपनी आहे. चाळीस कामगार. महिना संपला की अकाउंटंट पगाराची यादी एक्सेलमध्ये तयार करतो आणि बँकेच्या वेबसाईटवर अपलोड करतो. एकोणचाळीस जणांचे पगार जमा होतात, चाळिसाव्याचा अडकतो. कारण काय, तर आयएफएससी कोड चुकीचा आहे.

अकाउंटंट पासबुक मागवतो, कोड ताडून बघतो. अक्षर न अक्षर जुळतंय. आयएफएससी कोड ११ अक्षरांचा असतो. पहिली ४ बँकेची, मग एक शून्य, मग ६ शाखेची. यादीतही ११ च दिसतायत. पण त्याच सेलची लांबी एक्सेलला मोजायला सांगितली, तर उत्तर येतं १२.

मग हे बारावं अक्षर कुठंय?

ते आहे, फक्त दिसत नाही. कोड कुठल्यातरी वेबसाईटवरून कॉपी केला, तेव्हा त्याच्या शेपटाला एक 'नॉन-ब्रेकिंग स्पेस' चिकटून आली. माणसाला ती रिकामी जागा वाटते. कॉम्प्युटरसाठी ते एक पूर्ण अक्षर आहे आणि त्याच्या हिशेबाने कोड चुकलाय.

अशा अक्षरांना कॉम्प्युटरवाले 'अनप्रिंटेबल' किंवा 'नॉन-प्रिंटेबल' कॅरेक्टर म्हणतात. फाईल जितकी जुनी आणि जितक्या मशीनवरून फिरून आलेली, तितकी ती जास्त सापडतात. यावर कुणालाही पटकन सुचणारा उपाय म्हणजे, जे दिसत नाही ते सगळं पुसून टाका.

खरी गडबड इथूनच सुरू होते. कारण न दिसणारं प्रत्येक अक्षर कचरा नसतं. काही अक्षरांमध्ये लोकांचे पैसे असतात, काहींमध्ये लोकांची नावं. ते कसं, हे टप्प्याटप्प्याने बघू.

ही अक्षरं आली कुठून?

कॉम्प्युटरला अक्षर कळत नाही, त्याला आकडा कळतो. म्हणून प्रत्येक अक्षराला एक नंबर द्यावा लागतो. अमेरिकेत १९६३ मध्ये अशा नंबरांची एक यादी प्रसिद्ध झाली, तिचं नाव आस्की. यात एकूण १२८ नंबर आहेत. त्यातली ९५ म्हणजे इंग्रजी अक्षरं, आकडे, विरामचिन्हं आणि साधी स्पेस. उरलेले ३३ नंबर कागदावर काहीच छापत नाहीत. त्या आहेत आज्ञा.

आज्ञा कुणाला? तर टेलिप्रिंटरला. त्या काळात मजकूर तारेवरून जायचा आणि पलीकडचं मशीन तो टकटक करत कागदावर छापायचं. त्या मशीनला अक्षरांसोबत सूचनाही द्याव्या लागायच्या.

नंबर १३ म्हणजे छपाईचं डोकं ओळीच्या सुरुवातीला आण. नंबर १० म्हणजे कागद एक ओळ पुढे सरकव. नंबर ७ म्हणजे घंटी वाजव, आणि मशीनमध्ये खरोखरची घंटी असायची.

सगळ्यात भारी गोष्ट नंबर १२७ ची. मजकूर साठवायला तेव्हा कागदी पट्टी वापरायचे, तिच्यावर भोकं पाडून अक्षर लिहायचे. एखादं अक्षर चुकलं तर करायचं काय? पाडलेलं भोक बुजवता येत नाही. पण त्या जागेवरची उरलेली सगळी भोकं पाडता येतात. म्हणून सातही भोकं पाडलेली असली की ते अक्षर रद्द समजायचं, असं ठरलं. तोच नंबर १२७, त्याचं नाव 'डिलीट'. आणि एकही भोक नसलेली कोरी पट्टी म्हणजे नंबर ०, 'नल'.

भारतातली तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली. पण टेलिप्रिंटरच्या या आज्ञा तुमच्या लॅपटॉपमध्ये अजूनही कामावर आहेत. विंडोजमध्ये साध्या टेक्स्ट फाईलमध्ये ओळ संपली की १३ आणि १० असे दोन्ही नंबर लिहिण्याची पद्धत आहे. लिनक्समध्ये फक्त १०. त्यामुळे विंडोजवरची फाईल लिनक्सच्या सर्व्हरवर गेली, की प्रत्येक ओळीच्या शेवटी एक १३ नंबर लोंबकळत राहू शकतो. यादीतला शेवटचा कॉलम शहराचा असेल तर 'मुंबई' आणि 'मुंबई अधिक १३' ही कॉम्प्युटरसाठी दोन वेगळी शहरं होतात. तुम्ही 'मुंबई' शोधता आणि उत्तर येतं, एकही नोंद सापडली नाही.

इथवर गोष्ट सोपी आहे. फालतू १३ दिसला की काढून टाकायचा. पण मामला अवघड होतो जुन्या, मोठ्या कॉम्प्युटरपाशी. आणि त्या कॉम्प्युटरशी अंधेरीचं जुनं नातं आहे.

अंधेरीचा यात काय संबंध?

मेट्रो ३ चं स्टेशन झाल्यापासून सीप्झ हे नाव रोज ऐकू येतं. पूर्ण नाव सांताक्रूझ इलेक्ट्रॉनिक्स एक्स्पोर्ट प्रोसेसिंग झोन. नावात सांताक्रूझ असलं तरी ही जागा अंधेरी पूर्वेला, मरोळच्या एमआयडीसीला लागून आहे. १९७३ मध्ये केंद्र सरकारने इलेक्ट्रॉनिक्सच्या निर्यातीसाठी हा पट्टा उभा केला. पुढे इथूनच सॉफ्टवेअरही परदेशात जायला लागलं.

मुंबईच्या सॉफ्टवेअर निर्यातीची सुरुवात कुठल्या कामाने झाली, हे बघण्यासारखं आहे. टीसीएस सुरू झाली १९६८ मध्ये. सत्तरच्या दशकाच्या मध्यात तिला अमेरिकेच्या बरोज या कॉम्प्युटर कंपनीकडून एक काम मिळालं. हॉस्पिटलच्या हिशेबाची एक सिस्टीम होती, कोबोल भाषेत लिहिलेली. ती बरोजच्या एका प्रकारच्या कॉम्प्युटरवर चालायची आणि बरोजच्याच दुसऱ्या प्रकारच्या कॉम्प्युटरवर चालवायची होती. गंमत म्हणजे हे काम इथे आयसीएल या तिसऱ्याच कंपनीच्या मशीनवर झालं.

त्याच दशकाच्या शेवटी टाटा आणि बरोज यांची भागीदारीतली कंपनी सीप्झमध्ये उभी राहिली, टाटा बरोज. १९८६ मध्ये अमेरिकेत बरोज आणि स्पेरी एकत्र येऊन युनिसिस झाली, तसं इथलं नाव टाटा युनिसिस झालं. मग टाटा इन्फोटेक, आणि २००६ मध्ये ती टीसीएसमध्येच विलीन झाली.

म्हणजे या शहराच्या आयटी उद्योगाचं पहिलंवहिलं काम काही नवीन बनवण्याचं नव्हतं. जुन्या मशीनवरचा संसार नव्या मशीनवर नेण्याचं होतं. याला आज 'मायग्रेशन' म्हणतात आणि बँका, विमा कंपन्या, सरकारी खाती यांच्यासाठी हे काम आजही चालू आहे.

मायग्रेशन म्हणजे घर बदलणंच. चाळीतून फ्लॅटमध्ये जाताना माळ्यावर एक मळकं गाठोडं सापडतं. जुनं फडकं म्हणून फेकून दिलं आणि आत आजीच्या पाटल्या निघाल्या, तर? डेटाच्या बाबतीत हे अगदी असंच घडू शकतं.

१२३ रुपये ४५ पैशांचे २०३ रुपये ४५ पैसे कसे होतात?

पहिली अडचण म्हणजे, मोठ्या कॉम्प्युटरची अक्षरयादीच वेगळी आहे. आयबीएमने १९६४ मध्ये सिस्टीम ३६० नावाचे मेनफ्रेम आणले. त्यात आस्कीऐवजी ईबीसीडिक नावाची यादी वापरली. आस्कीमध्ये इंग्रजी 'ए' चा नंबर ६५, ईबीसीडिकमध्ये तोच १९३. आस्कीमध्ये साधी स्पेस म्हणजे ३२, ईबीसीडिकमध्ये ६४. आणि आस्कीत ६४ म्हणजे काय, तर ईमेल पत्त्यातलं @ हे चिन्ह.

त्यामुळे मेनफ्रेमची फाईल भाषांतर न करता साध्या कॉम्प्युटरवर उघडली तर रिकाम्या जागी @@@@ ची रांग दिसते आणि नावांच्या जागी गिचमीड. बघणाऱ्याला वाटतं फाईल खराब झाली. फाईल ठणठणीत असते, फक्त चुकीच्या यादीने वाचलेली असते. अशी फाईल 'साफ' करायची नसते, आधी तिचं भाषांतर करायचं असतं.

दुसरी अडचण जास्त धोकादायक आहे.

जुन्या काळी कॉम्प्युटरमधली जागा महाग होती. म्हणून कोबोलमध्ये रक्कम साठवायची एक काटकसरीची पद्धत होती, 'पॅक्ड डेसिमल'. एका बाईटमध्ये एक अक्षर ठेवण्याऐवजी दोन आकडे कोंबायचे. शेवटच्या अर्ध्या जागेत खूण. 'सी' असेल तर रक्कम जमेची, 'डी' असेल तर उणे. दशांश चिन्ह लिहायचंच नाही, ते कुठे येणार हे प्रोग्रामला आधीच माहीत असतं.

आता १२३ रुपये ४५ पैसे घ्या. या पद्धतीने ते तीन बाईटमध्ये असे बसतात : १२, ३४, ५सी.

हेच तीन बाईट कुणी अक्षरं समजून आस्कीने वाचले तर काय दिसेल? कॉम्प्युटर बाईटमधल्या दोन घरांचा हिशेब १६ च्या पटीत करतो. पहिल्या बाईटचा नंबर येतो १८, म्हणजे न दिसणाऱ्या आज्ञांपैकी एक. दुसऱ्याचा येतो ५२, तो आस्कीत चार हा आकडा. तिसऱ्याचा ९२, म्हणजे उलटी तिरकी रेघ. पडद्यावर दिसणार काय, तर काहीतरी अदृश्य, मग चार, मग एक रेघ. बघणारा म्हणणार, हा तर कचरा.

आता हा कचरा दोन पद्धतीने 'साफ' करून बघू.

पहिली पद्धत, न दिसणारं अक्षर पुसून टाकायचं. १८ नंबर गेला. तीन बाईटचे दोन झाले. जुन्या फाईलमध्ये बऱ्याचदा ओळ संपल्याची खूण नसते. एक नोंद म्हणजे अमुक इतके बाईट, इतकंच ठरलेलं असतं. मधला एक बाईट गेला की पुढचं सगळं एक घर अलीकडे सरकतं. एका खातेदाराची रक्कम तर गेलीच, पण त्याच्यानंतरच्या प्रत्येकाचं नाव, खातं, शिल्लक सगळं एकेक घर घसरलं. लोकलच्या रिझर्व्ह नसलेल्या बाकावर एक जण उठला की सगळे एक जागा सरकतात, तसं.

ही चूक निदान लगेच लक्षात येते, कारण पुढची सगळी फाईलच विस्कटलेली दिसते.

दुसरी पद्धत, पुसण्याऐवजी तिथे स्पेस टाकायची, म्हणजे लांबी तीच राहील. हुशारीचा उपाय वाटतो. पण आस्कीमधली स्पेस म्हणजे ३२ आणि १६ च्या पटीत लिहिली तर ती होते '२०'. आता तीन बाईट असे झाले : २०, ३४, ५सी. प्रोग्राम ते इमानदारीत वाचतो आणि सांगतो, २०३ रुपये ४५ पैसे.

कुठलीही एरर नाही, लाल खूण नाही, फाईलची लांबी बरोबर. फक्त एका खात्यात ८० रुपये वाढलेले, दुसऱ्यात कमी झालेले, तिसऱ्यात तसेच. पॅक केलेल्या आकड्यांमध्ये जिथे जिथे नंबर ० ते ३१ मध्ये पडतो, तिथे तिथे हे होणार. हजारो खात्यांमध्ये ही चूक शोधायला बसलं तर महिने जातील, कारण प्रत्येक रक्कम दिसायला खरीच वाटते.

म्हणून मेनफ्रेमच्या फाईलला हात लावण्याआधी तिचा आराखडा लागतो. नाव कितव्या बाईटपासून कितव्यापर्यंत, रक्कम कुठून कुठे, कुठला भाग अक्षरांचा आणि कुठला पॅक केलेला, हे कोबोल प्रोग्रामच्या 'कॉपीबुक'मध्ये लिहिलेलं असतं. कॉपीबुक नसेल तर साफसफाई म्हणजे अंधारात कात्री चालवणं.

डॉसच्या जमान्यातला २६ नंबर

मेनफ्रेम हा मोठ्या कंपन्यांचा विषय झाला. पण छोट्या ऑफिसमधल्या, दुकानांमधल्या जुन्या कॉम्प्युटरचे स्वतःचे चमत्कार आहेत. नव्वदच्या दशकात ज्यांनी कॉम्प्युटरवर हिशेब ठेवले त्यांना डीबेस आणि फॉक्सप्रो ही नावं नक्की आठवतील. काळा किंवा निळा पडदा, माऊस नाही, सगळं कीबोर्डवर. मायक्रोसॉफ्टने फॉक्सप्रोची शेवटची आवृत्ती २००४ मध्ये आणली आणि जानेवारी २०१५ मध्ये तिचा सपोर्टही थांबवला. पण सपोर्ट थांबला म्हणून आत साठलेली वीस वर्षांची खाती नाहीशी होत नाहीत. ती कधीतरी बाहेर काढावीच लागतात.

इथे भेटतो नंबर २६, म्हणजे कंट्रोल-झेड. डॉसच्याही आधी सीपीएम नावाची एक सिस्टीम होती. तिला फाईलची लांबी १२८ बाईटच्या तुकड्यांमध्येच कळायची. शेवटच्या तुकड्यात खरा मजकूर कुठे संपला हे सांगायला २६ नंबर लिहायचे. डॉसने ती सवय उचलली. २६ दिसला की फाईल संपली, असं बरेच जुने प्रोग्राम मानतात.

आता हा २६ चुकून फाईलच्या मध्यावर आला तर? समजा १००० सभासदांची यादी आहे आणि चारशेव्या नावानंतर एक भटका २६ पडलाय. प्रोग्राम ४०० नावं वाचणार आणि 'काम पूर्ण' म्हणणार. उरलेले ६०० सभासद फाईलमध्ये आहेत, पण नव्या सिस्टीममध्ये नाहीत. आणि ज्याने काम केलं त्याला वाटतं सगळं नीट झालं.

याच्या उलट प्रकारही आहे. डीबेस-फॉक्सप्रोच्या फाईलमध्ये प्रत्येक नोंदीच्या आधी एक बाईट असतो. तिथे स्पेस असेल तर नोंद चालू आणि * हे चिन्ह असेल तर नोंद डिलीट केलेली. डिलीट केलेली नोंद लगेच जात नाही, 'पॅक' ही आज्ञा दिल्यावरच ती खरोखर निघते. कुणी सफाईच्या नादात फाईल कच्ची उघडून ती चांदणी उडवली, तर बंद केलेली खाती पुन्हा जिवंत होऊन यादीत उभी राहतात.

मराठीवाल्यांनी हे वाचाच

आतापर्यंतची गोष्ट इंग्रजी अक्षरांची होती. मराठी डेटाच्या बाबतीत न दिसणाऱ्या अक्षरांचा प्रश्न आणखी नाजूक आहे.

युनिकोडच्या आधी भारतीय लिपींसाठी इस्की नावाची यादी होती. १९९१ मध्ये ती भारतीय मानक म्हणून आली. पुण्याच्या सी-डॅकचं जिस्ट कार्ड कॉम्प्युटरमध्ये बसवलं की डॉसच्या पडद्यावर मराठी दिसायचं. इस्कीने इंग्रजीच्या १२८ नंबरांना हात लावला नाही, देवनागरी अक्षरं त्यांच्या वरच्या नंबरांमध्ये बसवली, १६० च्या पुढे.

आता सफाईचा सगळ्यात लोकप्रिय नियम बघा. '३२ ते १२६ ठेवा, बाकी सगळं उडवा.' इंटरनेटवर पदोपदी हाच सल्ला मिळतो. इंग्रजी फाईलसाठी तो बऱ्याचदा चालतो. इस्कीतल्या मराठी फाईलवर तो चालवला तर खाते क्रमांक राहतो, रक्कम राहते आणि नावाचा कॉलम कोरा होतो. युनिकोडमधल्या मराठीचंही हेच होणार, कारण तिथेही देवनागरी या कक्षेबाहेरच आहे. ज्या अक्षरांना तो नियम कचरा म्हणतो, ती आपली मातृभाषा असते.

पुढचा प्रकार 'झिरो विड्थ जॉइनर'चा. युनिकोडमध्ये त्याचा नंबर ८२०५. रुंदी शून्य, म्हणजे शंभर टक्के अदृश्य. काम एकच, शेजारच्या दोन अक्षरांनी कसं जुळायचं ते सांगणं.

व्हॉट्सॲपवर कुटुंबाचा जो इमोजी असतो, आई-बाबा-मुलगी असा, तो तीन वेगवेगळ्या इमोजींना याच जॉइनरने बांधून तयार होतो. जॉइनर काढला की एक कुटुंब तुटून तीन सुटी माणसं दिसतात.

मराठीत हाच जॉइनर अर्थ सांभाळतो. 'दऱ्या' आणि 'दर्या' हे दोन शब्द घ्या. पहिला म्हणजे डोंगरातल्या दऱ्या, दुसरा म्हणजे समुद्र. 'आचाऱ्यास' म्हणजे स्वयंपाक्याला, 'आचार्यास' म्हणजे गुरूंना. फरक सगळा त्या अर्ध्या र चा. हा मराठीतला अर्धा र कॉम्प्युटरमध्ये दोन पद्धतीने लिहिता येतो. एकात २३५३ नंबरचा वेगळा 'ऱ' वापरतात. दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि त्यानंतर जॉइनर. दिसायला दोन्ही सारखेच.

आता दुसऱ्या पद्धतीने लिहिलेल्या फाईलवर 'न दिसणारं सगळं पुसा' चालवा. जॉइनर गेला की र उडी मारून पुढच्या अक्षराच्या डोक्यावर रफार होऊन बसतो. दऱ्यांचा दर्या होतो. गोऱ्हे, कऱ्हाडे, कुऱ्हाडे ही आडनावं बिघडतात. आणि ही चूक कॉम्प्युटरला सापडत नाही, कारण नवा शब्दही त्याच्या लेखी वैधच असतो.

न पुसताही एक अडचण उरते. एका फाईलमध्ये गोऱ्हे एका पद्धतीने आणि दुसऱ्या फाईलमध्ये दुसऱ्या पद्धतीने लिहिलं असेल, तर दोन्ही याद्या जुळवताना कॉम्प्युटर म्हणतो, ही दोन वेगळी माणसं आहेत. म्हणून इथे पुसण्याऐवजी सगळीकडे एकच पद्धत करून घेणं हा खरा उपाय आहे.

घाटकोपर का तुटतं आणि मुलुंड का नाही?

शेवटचा प्रकार उपनगरांच्याच नावांनी समजून घेऊ. युनिकोड मजकूर साठवण्याच्या सगळ्यात प्रचलित पद्धतीत, म्हणजे यूटीएफ-८ मध्ये, इंग्रजी अक्षराला एक बाईट लागतो आणि देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन. काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार ही सगळी वेगळी चिन्हं मोजली जातात.

समजा जुन्या सिस्टीममध्ये गावाच्या नावासाठी २० बाईटची जागा आहे. इंग्रजीत वीस अक्षरं, भरपूर झाली. आता तिथे मराठी नावं भरा.

मुलुंड : म, उकार, ल, उकार, अनुस्वार, ड. सहा चिन्हं, १८ बाईट. बसलं.
अंधेरी : अ, अनुस्वार, ध, मात्रा, र, वेलांटी. सहा चिन्हं, १८ बाईट. बसलं.
घाटकोपर : सात चिन्हं, २१ बाईट. एका बाईटने बाहेर.
बोरिवली : सात चिन्हं, २१ बाईट. तेही बाहेर.

जुनी सिस्टीम काय करते? विसाव्या बाईटला कापते. घाटकोपरमधल्या शेवटच्या 'र' चे तीनपैकी दोनच बाईट उरतात. अर्धवट तोडलेलं अक्षर कुठल्याच यादीत नसतं, म्हणून पडद्यावर काळ्या चौकटीतलं प्रश्नचिन्ह दिसतं. ते प्रश्नचिन्ह पुसलं की उरतं 'घाटकोप' आणि 'बोरिवल'. फाईल दिसायला स्वच्छ, पत्ता मात्र चुकीचा. इथे दोष अक्षराचा नव्हताच, जागा कमी पडली होती. साफसफाईने तो सुटत नाही, उलट झाकला जातो.

मग साफ करायचं तरी कसं?

जाणकार लोक जी पद्धत वापरतात ती साधी आहे, फक्त क्रम चुकवायचा नाही.

१. मूळ फाईलला हात लावायचा नाही. कॉपी करायची आणि काम कॉपीवरच करायचं. जुनी फाईल एक्सेलमध्ये उघडून तशीच सेव्ह करणं हीसुद्धा छेडछाडच आहे. खाते क्रमांकांच्या पुढची शून्यं तिथेच गळतात.

२. आधी मोजायचं. एकूण नोंदी किती, रकमांची बेरीज किती. हे दोन आकडे कागदावर लिहून ठेवायचे.

३. फाईलची ओळख पटवायची. आस्की, ईबीसीडिक, इस्की की युनिकोड? आराखडा काय आहे? रकमा अक्षरात आहेत की पॅक केलेल्या?

४. न दिसणाऱ्या अक्षरांची हजेरी घ्यायची. कुठला नंबर, कितीदा, कुठल्या कॉलममध्ये. प्रत्येक ओळीच्या शेवटी १३ असेल तर ती ओळ संपल्याची खूण आहे. फक्त रकमेच्या कॉलममध्येच अदृश्य अक्षरं असतील तर तो कचरा नाही, ते पैसे आहेत.

५. मग प्रत्येक नंबरासाठी वेगळा निर्णय. पुसायचा, बदलायचा की ठेवायचा? ठरावीक लांबीच्या फाईलमध्ये पुसणं नको, अक्षरांच्या भागात त्या जागी स्पेस टाकायची. पॅक केलेल्या भागाला स्पर्शच नाही.

६. शेवटी पुन्हा मोजायचं. नोंदी आणि बेरीज आधीच्या आकड्यांशी जुळली तरच काम संपलं.

रोजच्या एक्सेलसाठी काही गोष्टी लक्षात ठेवा. 'क्लीन' हे फंक्शन फक्त ० ते ३१ नंबर काढतं. 'ट्रिम' फक्त साधी स्पेस, म्हणजे ३२ नंबर, ओळखतं. वेबसाईटवरून येणारी नॉन-ब्रेकिंग स्पेस आहे १६० नंबरची, ती या दोघांनाही दाद देत नाही. तिच्यासाठी 'सब्स्टिट्यूट' वापरून १६० च्या जागी काहीच नाही असं सांगावं लागतं.

क्लीनचा एक फटकाही आहे. पत्ता लिहिताना एकाच सेलमध्ये ऑल्ट-एंटर दाबून दोन ओळी केल्या असतील, तर मध्ये १० नंबर असतो. वरच्या ओळीत 'खोली क्र. ५' आणि खालच्या ओळीत '१२ नंबर चाळ' असेल, तर क्लीन तो १० नंबर उडवतं आणि पत्ता होतो 'खोली क्र. ५१२ नंबर चाळ'. म्हणून आधी १० च्या जागी स्वल्पविराम आणि स्पेस टाकायची, मगच क्लीन वापरायचं.

मराठी सीएसव्ही फाईलच्या अगदी सुरुवातीला कधीकधी तीन अदृश्य बाईट असतात, त्यांना 'बॉम' म्हणतात. काही प्रोग्राम त्यांच्यामुळे अडखळतात, म्हणून लोक ते काढतात. पण तेच बाईट बघून एक्सेलला कळतं की ही फाईल युनिकोडमध्ये आहे. ते काढले आणि फाईल डबल क्लिक करून उघडली, तर मराठीची गिचमीड होऊ शकते. म्हणजे तेच तीन बाईट एकासाठी अडगळ आणि दुसऱ्यासाठी गरजेचे. कुठल्या प्रोग्रामला फाईल द्यायची आहे ते बघून ठरवायचं.

आणि ज्यांचा जुन्या कॉम्प्युटरशी काडीचाही संबंध नाही, त्यांनी इतकंच करावं. ऑनलाइन फॉर्ममध्ये पॅन, आयएफएससी किंवा जीएसटी नंबर भरला आणि सगळं बरोबर असूनही 'इनव्हॅलिड' आलं, तर तो रकाना पूर्ण रिकामा करा आणि नंबर कॉपी-पेस्ट न करता हाताने टाइप करा. पॅन १० अक्षरांचा, आयएफएससी ११, जीएसटी नंबर १५. मोबाईलवरून चिकटवलेलं एक न दिसणारं अक्षर गेलं, तर फॉर्म बऱ्याचदा तिथेच पुढे सरकतो.